जमिनीखालचं पुणं काढताना

पहिलं चित्र चुकलं ते कौलांपायी.

शनिवारवाडा पूर्वीसारखा सात मजली उभा करायचा, असं मनात घेऊन मी तीन आठवडे रोज रात्री आयपॅडपुढे बसत होते. दिल्ली दरवाजा, त्याच्यावरचा नगारखाना, आतले चौक, एकावर एक चढत गेलेले मजले आणि सगळ्यांत वर मेघडंबरी. मागे संध्याकाळचं तांबूस आभाळ, छपरांवरून उतरणारं ऊन. दिवसा मी मुलांच्या पुस्तकांसाठी आणि मासिकांसाठी चित्रं काढते. तिथे मजकूर सांगेल तेवढंच काढायचं असतं. हे चित्र मात्र कुणी सांगितलेलं नव्हतं, माझं एकटीचं होतं. पुरं झाल्यावर घरच्या ग्रुपवर टाकलं. मावश्यांनी फुलं पाठवली, भाच्याने लगेच वॉलपेपर करून टाकला. रात्री साडेनऊला मामाआजोबांचा फोन आला. हे आजीचे धाकटे भाऊ. उभी नोकरी त्यांनी बांधकामांवर ओव्हरसियर म्हणून केली.

"चित्र झकास आहे गं. पण पेशव्यांच्या वाड्यावर मंगलोरी कौलं कुठून आणलीस?"

मी म्हटलं, "आजोबा, कल्पनाचित्र आहे ते."

"कल्पना हवी तेवढी कर. छप्पर गळता कामा नये."

फोन ठेवल्यावर मी हिशेब करून पाहिला. वाड्याला आग लागली २७ फेब्रुवारी १८२८ रोजी, आणि ती सात दिवस चालली असं सांगतात. बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचा कौलांचा कारखाना मंगलोरात निघाला १८६५ साली. म्हणजे वाडा जळून सदतीस वर्षं झाल्यावर जी कौलं भट्टीतून निघाली, ती मी त्याच्या माथ्यावर घातली होती. मी लहानपणापासून जे जुनं पुणं पाहिलं ते सगळं मंगलोरी कौलांचं होतं. 'जुनं' म्हटलं की हात आपोआप तिकडे वळला. मी कल्पना केलीच नव्हती, सवयीचं तेच उतरवलं होतं. हे कळल्यावर फार लागलं मनाला.

छपराचा अख्खा लेअर, म्हणजे चित्राचा वेगळा थर, पुसून टाकला आणि नळीची कौलं काढायला घेतली. कुंभाराच्या हातची, अर्धगोल, एक उताणं आणि त्याच्या कडेवर एक पालथं. आधी बारा कौलं वेगवेगळी काढून तीच आलटून पालटून चिकटवली. दोन हात लांब धरून पाहिलं तर छपरावर छापाच्या साडीसारखी नक्षी दिसायला लागली. मग ती पद्धत सोडली आणि एकेक ओळ हाताने भरली. नऊ रात्री गेल्या. पण त्या नऊ रात्रींत मला पहिल्यांदा वाटलं की आपण एक घर शाकारतोय.

त्यानंतर वाचायला बसले. वाड्याचा पाया पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी घातला. वास्तुशांत झाली २२ जानेवारी १७३२ला. खर्च १६,११० रुपये. सागवान जुन्नरच्या रानातलं, दगड चिंचवडच्या खाणींतला, चुना जेजुरीकडचा. हा तपशील मी कितीतरी वेळा वाचला असेन, पण चित्र काढायला बसल्यावर त्याचा अर्थ बदलला. सागवान म्हणजे कोणता रंग, किती वर्षांनी काळवंडणारा? चुन्याच्या गिलाव्यावर दुपारी बारा वाजताचं ऊन कसं पडतं? चार वेळा वाड्यावर जाऊन आले. आत आज जोती आहेत, तट आणि बुरूज आहेत, पाच दरवाजे आहेत, सोळा पाकळ्यांच्या कमळाचं हजारी कारंजं आहे. लाकडाचं होतं ते सगळं गेलं. जोत्याच्या कडेने पावलं मोजत मी चालत होते आणि शाळेच्या सहलीतली पोरं माझ्याकडे बघत होती. एकीने विचारलंही, "काकू, काही हरवलंय का?"

आत दरबार कसा दिसत होता याचा एक डोळ्यांनी पाहिलेला पुरावा आहे. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या काळात जेम्स वेल्स नावाचा चित्रकार पुण्यात होता. तो १७९५मध्ये गेला. त्याच्या कामावरून थॉमस डॅनियलने १८०५ साली सवाई माधवरावाच्या दरबाराचं मोठं तैलचित्र पुरं केलं. त्यातले सुरूच्या झाडाच्या घाटाचे खांब आणि त्यांच्यामधल्या महिरपी मी मोठ्या करून करून पाहिल्या. पण माझा जीव जडला तो गंगाराम तांबटावर. हा पुण्याचाच माणूस. मॅलेटसाठी चित्रं काढायचा. वेरूळची लेणी काढली, पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडा काढला १७९० साली. त्याची कितीतरी चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि घरबसल्या पाहता येतात. तो गेंडा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. सव्वादोनशे वर्षांपूर्वी पुण्यातला एक कारागीर घराण्यातला माणूस कधी न पाहिलेल्या जनावरासमोर उभा राहतो आणि त्याच्या कातडीच्या घड्या नीट पाहून कागदावर घेतो. मला अभिमान वाटला, आणि हुरूपही आला. आपल्या गावात चित्र काढायची ही रीत आधीपासून आहे, आपण तिच्यातच बसलोय, असं वाटलं.

एवढं करूनही शनिवारवाड्याचं चित्र मला परकंच राहिलं. दुरुस्त झालं होतं, देखणं होतं, पण ते आभाळातून पाहिलेलं होतं, ड्रोन उडवल्यासारखं. त्यात शिरायला मला दार सापडत नव्हतं.

ते दार आजीने उघडलं.

आजी १९५७मध्ये लग्न होऊन शनिवार पेठेतल्या वाड्यात आली. माहेर साताऱ्याकडचं. वय अठरा. वाड्यात अकरा बिऱ्हाडं, दोन चौक, मागच्या चौकात आड आणि पुढच्या चौकात हौद. मी तिला कौलांचा घोळ सांगत होते, ती शेंगा सोलत ऐकत होती. मध्येच म्हणाली, "छपराचं मला ठाऊक नाही बाई. आम्ही बायका कुठे वर बघायचो? माझा हौद आठवतो. दुपारी निजानीज झाली की मी हौदाच्या कठड्याला कान लावून बसायची. आत पाणी चालल्याचा आवाज यायचा. सासूबाई म्हणायच्या, कात्रजचं आहे. मी कात्रजचा घाट उतरूनच आले होते ना. मला वाटायचं, हे माझ्याच वाटेनं आलंय."

शेंगा तशाच राहिल्या. मी तिला पुन्हा पुन्हा विचारलं. आवाज कसा होता? "कुणी कुजबुजतंय तसा." हौदात वाकून पाहिलं की काय दिसायचं? "कडेला एक भोक. काळोख. दुसरं काय दिसणार?"

मी नळाच्या पाण्यावर वाढलेली. कात्रजचा नळ शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत येऊन गेला होता. नानासाहेब पेशव्यांनी १७५०च्या सुमारास कात्रजला तळं बांधून पाणी शहरात आणलं, एवढंच. आता नीट वाचलं तेव्हा अवाक झाले. सुमारे दहा किलोमीटरची जमिनीखालची दगडी-विटांची वाट, माणूस आत उभा राहून चालू शकेल एवढी. कुठे पंप नाही, कुठे मोट नाही. कात्रज उंचावर, नदी सखलात, आणि मधला उतार इतका मापात की पाणी आपल्या पायाने चालत येतं. हवा आत-बाहेर व्हावी म्हणून वाटेत जागोजाग उच्छ्वास बांधलेले. उच्छ्वास! हा शब्द वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं. ज्या माणसांनी पाण्याच्या नळाला श्वास घ्यायची सोय केली आणि तिला हे नाव दिलं, त्यांच्या शहराचं चित्र वरून काढून चालणारच नव्हतं.

शहरात पोहोचल्यावर हे पाणी हौदांत उतरायचं. काळा हौद, सदाशिव हौद, नाना हौद, फडके हौद, साततोटी हौद. आज यांतली काही नावं चौकांना उरली आहेत, काही रिक्षावाल्यांच्या तोंडी. मोठमोठ्या वाड्यांना नळाचा फाटा मिळायचा. आजीच्या वाड्यातलं ते काळोखं भोक म्हणजे असाच एक फाटा.

मी ठरवलं की जमीन काचेची करायची. वर पेठा, वाडे, देवळं, माणसं, आणि पायांखाली आरपार दिसणारं पाणी. कात्रजपासून शनिवारवाड्यापर्यंत सात चित्रं, एकाशेजारी एक लावली की पाण्याची वाट सलग दिसावी.

एका रविवारी स्कूटर घेऊन कात्रजला गेले आणि तिथून शहराकडे उतरत आले. रस्त्याच्या कडेला काही उच्छ्वास अजून उभे आहेत. एकाला कुणीतरी शेंदूर लावून देव केलाय. दुसऱ्याच्या आडोशाला पंक्चरवाल्याने टायर रचून ठेवलेत. मी त्याला विचारलं, हे काय आहे माहीत आहे का. तो म्हणाला, "जुनं आहे, पाडू देत नाहीत." तिथे बसून मी अर्धा तास रेखाटलं. दगडांच्या सांध्यातून पिंपळाचं रोप आलं होतं. शेजारून ट्रक गेला की खालची जमीन हादरायची आणि मी मनात म्हणायची, खाली पोकळी आहे, सांभाळून जा रे बाबांनो.

आता थोडं कामाच्या पद्धतीविषयी, कारण डिजिटल चित्र म्हटलं की लोकांना वाटतं यंत्र काढून देतं. मला सात चित्रं ए-टू आकारात छापायची होती. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, तो कॅनव्हास ४,९६१ बाय ७,०१६ पिक्सेलचा होतो. प्रोक्रिएट या चित्रं काढायच्या ॲपमध्ये कॅनव्हास जितका मोठा तितके लेअर कमी मिळतात, हा रोजचा जाच. मी एकेका चित्राचे तीन तुकडे केले. जमिनीवरचं, जमिनीतलं आणि पाणी. तिन्ही वेगळ्या फायलींत रंगवून शेवटी एकत्र बसवायचे. पाण्याचा लेअर सगळ्यांत खाली आणि त्याच्यावरच्या मातीला हलकी ओपॅसिटी (अपारदर्शकता), म्हणजे माती धुक्यासारखी दिसते आणि नळ तिच्यातून उजळतो.

दुसरा प्रश्न दृष्टीचा. पाश्चात्त्य पर्स्पेक्टिव्ह लावलं की मागच्या पेठा बारीक होत जातात आणि पाण्याची वाट एका ठिपक्यात संपते. पेशवाईतल्या मोडी नकाशांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंची घरं आडवी निजवलेली असतात, दारं रस्त्याकडे करून. लहान मूल काढतं तसं. पाहणारा त्या रस्त्यातून चालतोय असं धरून ते काढलेलं असतं. मी तीच रीत घेतली. वाडे दोन्हीकडे लवंडलेले, मध्ये पाणी. पहिले दोन दिवस हात बावरला, कारण कॉलेजपासून अंगात मुरलेलं पर्स्पेक्टिव्ह सुटत नव्हतं. मग मी आयपॅड टेबलावर सपाट ठेवला आणि चित्र फिरवत फिरवत चारी बाजूंनी काढू लागले. रांगोळी काढताना आपण भोवती सरकतो तसं. तेव्हा जमलं.

तिसरी गोष्ट दगडाची. प्रोक्रिएटमध्ये दगडाचे ब्रश मिळतात, पण त्यांचा दगड गुळगुळीत, कुठल्यातरी दुसऱ्या मुलखातला. आपला काळा पाषाण सुईच्या टोचांसारखा दाणेदार असतो. आजीच्या घरात एक जातं आहे. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासला फुटलं, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. आजीचा वाडा त्या दिवशी बसला. माणसं सकाळीच उंचावर गेली होती म्हणून वाचली. पाणी ओसरल्यावर आजोबांनी चिखलातून जे उकरून काढलं त्यात ते जातं होतं. परवापर्यंत त्याच्यावर तुळशीची कुंडी ठेवलेली होती. कुंडी उचलली, जात्यावर पातळ कागद धरला आणि मऊ पेन्सिल आडवी घासली. टाकीचे घाव एकेक करून कागदावर उमटले. कागद स्कॅन केला, त्यातून ब्रश बनवला. मालिकेतला प्रत्येक दगड, कात्रजच्या बंधाऱ्यापासून शनिवारवाड्याच्या जोत्यापर्यंत, त्या जात्याचा आहे.

ब्रशचं नाव 'आजी' ठेवलं. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "दगडाला माझं नाव दिलंस होय!" पण बरं वाटलं तिला.

पाण्याचा रंग ठरायला महिना लागला. निळं केलं की पोहण्याचा तलाव वाटायचा. हिरवट केलं की शेवाळ. शेवटी एका रात्री काळोखात तांब्याच्या घागरीत पाणी भरून वरून मोबाइलचा उजेड टाकला. तळाशी तांबूस, वर जवळजवळ रंग नाही, आणि काठाला एक पातळ पांढरी रेघ. तेच घेतलं. सातही चित्रांत पाणी तांब्याच्या उजेडाचं आहे.

चौथ्या चित्रात मी कल्पनेला सगळ्यांत जास्त मोकळीक दिली. रात्रीचं पुणं आहे, घरांत एकही दिवा नाही, आणि पेठांचे हौद तेवढे खालून उजळलेत. पर्वती वर काळी उभी आहे. गल्ल्यांतून माणसं चाललीत ती पायांखालच्या उजेडावर. असं पुणं कधीच नव्हतं. तरी हौद जिथे होते तिथेच आहेत, गल्ल्यांची वळणं खरी आहेत, छपरं नळीच्या कौलांची आहेत. मामाआजोबांना पाठवलं. त्यांचा एका ओळीचा मेसेज आला, "गळत नाही." मी तो स्क्रीनशॉट जपून ठेवलाय.

पाचव्या चित्रावर काम अडलं. सांगायला अवघड वाटतं, पण या सगळ्या प्रवासात माझ्यासाठी सगळ्यांत मोलाचं तेच होतं.

पाचवं चित्र भर दिवसा गजबजलेल्या हौदाचं. नऊवारीतल्या बायका, डोक्यावर घागरी, कडेवर पोरं, कुणी धुणं पिळतंय, कुणी भांडतंय. रंगांची मौज होती आणि मी रमले होते. माझा एक मित्र गंज पेठेत वाढलेला, कॉलेजपासूनचा, अक्षररचनेचं काम करतो. त्याला चित्र दाखवलं. त्याने बराच वेळ झूम करून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "तुझ्या हौदावर कोण कोण उभं आहे?"

मी म्हटलं, "बायका. पेठेतल्या."

"सगळ्या?"

मला कळेना. मग तो म्हणाला, "माझ्या पणजीच्या आईला या हौदाला हात लावता आला नसता. ती कुठे आहे ते दाखव मला."

ती कुठेच नव्हती. मी फार आनंदी हौद काढला होता, आणि तो खोटा होता. कौलांची चूक सदतीस वर्षांची होती. ही चूक केवढी, ते मोजायला माझ्याकडे माप नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो मला गंज पेठेत महात्मा फुल्यांच्या वाड्यावर घेऊन गेला. मी पुण्यात जन्मले, पुण्यात वाढले, आणि तिथे शाळेनंतर पहिल्यांदा जात होते. अंगणात हौद आहे. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो हा. आम्ही बराच वेळ तिथे बसलो. हौद लहानसा आहे. शहरातल्या नामांकित हौदांपुढे तर फारच लहान. तिथून पुढे त्याने मला बाहुलीच्या हौदाची हकिकत सांगितली. डॉ. विश्राम रामजी घोल्यांनी आपल्या गेलेल्या लेकीच्या आठवणीत बांधलेला, सर्वांसाठी खुला. सांगताना त्याचा आवाज बदलला होता. त्याच्या घरात या हकिकती देवाच्या गोष्टींसारख्या सांगितल्या जातात.

घरी येऊन मी पाचवं चित्र पुन्हा उघडलं. पहिल्यांदा वाटलं, गर्दीत आणखी एक बाई काढावी. पण तीही लबाडीच झाली असती, कारण ती तिथे असूच शकली नसती. मग कॅनव्हास उजवीकडे वाढवला, दुप्पट. गर्दी डावीकडे राहिली. अगदी उजव्या कडेला एक बाई बसवली, शेजारी रिकामं मडकं, नजर हौदाकडे. कुणी पाणी घालेल याची वाट पाहणारी. दोघींच्या मध्ये काही काढलं नाही. साधी जमीन आहे, जात्याच्या ब्रशने भरलेली, आणि तिच्याखालून तेच पाणी वाहतंय. तिच्या पायांखालूनही वाहतंय. हे काढताना माझा हात थांबला होता. पाण्याची वाट सलग दाखवायची म्हणून ती रेघ मी आधीच आखून ठेवली होती, आता ती बाई तिच्यावर बसली.

सात चित्रांचं नियोजन मोडून आठवं काढलं. फुल्यांच्या अंगणातला तो हौद. त्यात फार काही नाही. हौद, त्याच्यावर वाकलेली ती बाई, मडक्यात शिरणारं पाणी. पेठेतली घरं मी मुद्दाम फिकी ठेवली. काचेची जमीन इथे काढली नाही. पाणी वर आलंय, वेगळं दाखवायची गरजच नव्हती. मित्राला दाखवलं. त्याने विचारलं, "मडकं कशाचं आहे?" मातीचं, म्हटलं. त्यावर तो "बरोबर" एवढंच बोलला आणि चहा ठेवायला उठला.

छपाईचं थोडक्यात सांगते, कारण त्यात शिकण्यासारखं एकच आहे. पहिल्यांदा ज्या ठिकाणी प्रिंट काढल्या तिथे पाण्याचा तांब्याचा उजेड गेरूसारखा मातकट आला. मी फाइल आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या रंगांत दिली, त्यांनी काही न विचारता यंत्राने होईल तशी सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या शाईच्या रंगांत फिरवली, आणि पडद्यावर जे आतून उजळत होतं ते कागदावर विझलं. पैसे गेले, आठ दिवस गेले, मी एक संध्याकाळ रडण्यातही घालवली. नंतर प्रत्येक चित्र आधी सीएमवायकेच्या प्रूफवर पाहून पाण्याचे रंग हाताने फिरवले. भोवतीची माती जास्त गडद केली, म्हणजे पाणी आपोआप वर येतं. हे करताना तांब्याची घागर शेजारी ठेवली होती. दुसरीकडे छापून घेतल्यावर उजेड परत आला, अगदी सगळा नाही, पण आला.

मागच्या महिन्यात आठही चित्रं आजीकडे नेली. आजी आता शहाऐंशीची आहे. प्रिंट तिने लांबून पाहिल्या, "छान" म्हणाली, पण तिचं मन त्यात लागेना. डोळ्यांना पुरत नव्हतं. मग आयपॅड मांडीवर दिला आणि दोन बोटांनी चित्र मोठं कसं करायचं ते दाखवलं. ते मात्र तिला जमलं आणि आवडलंही. कात्रजपासून निघाली. उच्छ्वासांवर थांबली. "हे पाहिलेत मी, यष्टीतून," म्हणाली. पर्वतीवरून खाली आली, सदाशिव पेठ ओलांडली, बोटाने पाण्याच्या कडेकडेने चालत गेली. सातव्या चित्रात शनिवार पेठ आहे आणि त्यात तिचा वाडा मी काढलाय, तिच्याकडून ऐकून. अकरा बिऱ्हाडं, दोन चौक. तिला मी सांगितलं नव्हतं.

तिने तो शोधला. पुढच्या चौकात आली, हौद सापडला, कडेचं काळोखं भोक सापडलं. त्याच्यावर बोट ठेवून गप्प बसली. मी विचारलं, "काय गं आजी, चुकलं का?"

"हौद बरोबर आहे." मग चित्र सरकवत ती मागच्या चौकात गेली, आडावर. "इथे खांबाला एक खिळा होता. लोखंडी, हा एवढा. पोहऱ्याचा दोर त्याला अडकवायचो. ओला दोर भुईवर टाकला की सासूबाई रागवायच्या."

मी तिच्या मांडीवरचा आयपॅड न उचलता स्टायलस घेतली. खांबाचा लेअर उघडला. "किती उंचीवर?"

तिने आपला हात खांद्याच्या वर नेऊन दाखवला. मग थांबली आणि हात थोडा खाली घेतला.

"तेव्हा मी नवीन होते. हात पुरायचा नाही. यांनी तो काढून खाली ठोकून दिला होता. इथे काढ."

तिथे काढला.